गालबोट, ठिगळ आणि फाटकी जीन्स

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत ‘फाटका माणूस’ म्हटलं, की पुढचं काही सांगावं लागत नाही. खिसा रिकामा, वशिला नाही, चार लोकांत पत नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आणि आज एखाद्या मॉलमध्ये गेलात तर गुडघ्यावर आरपार फाटलेली जीन्स धड जीन्सपेक्षा महाग मिळते. घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. ‘आमच्या वेळी फाटलं तर लपवायचो, आता फाडून मिरवतात,’ हे वाक्य कुठल्याही घरात ऐकू येईल. फॅशनवाले याला ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात. कपडा नवा कोरा, पण तो विटका, उसवलेला, झिजलेला दिसावा अशी मुद्दाम केलेली रचना. हे अगदी अलीकडचं आणि परदेशातून आलेलं खूळ आहे, अशी आपली समजूत असते. मला आज सांगायचं आहे ते असं, की कपड्यात मुद्दाम खोट ठेवण्याचा इतिहास फार जुना आहे, त्यातला बराचसा आपल्याच मातीतला आहे, आणि त्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच राहिला आहे : फाटकं घालणाऱ्याला धड घालण्याची मुभा होती का?

मी मानखुर्दला राहतो. हार्बर मार्गावरचं हे मुंबईतलं शेवटचं स्टेशन. १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीपर्यंत गाडी जाऊ लागली, तोवर लोकल इथंच संपायची. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं. शहर जे टाकून देतं ते आमच्या बाजूला येतं, आणि त्यात कापडही असतं. शिवणाच्या कारखान्यांतून उरलेल्या चिंध्यांच्या गोण्या येतात. बोहारणींनी भांड्यांच्या बदल्यात घेतलेले जुने कपडे येतात. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं अशी त्यांची निवड होते. काही कापड यंत्रं पुसायला जातं, काहीची पायपुसणी होतात, काही गादीत भरलं जातं. त्यामुळे फाटक्या कापडाला काय किंमत असते, हे आमच्या वस्तीत पोरंसोरंसुद्धा जाणतात.

मुद्दाम ठेवलेल्या खोटेची आपली सगळ्यात जवळची ओळख कपड्यातली नव्हे, चेहऱ्यावरची आहे. बाळाला न्हाऊमाखू घालून, अंगडं-टोपडं चढवून आई शेवटी काय करते? त्याच्या गालावर काजळाची तीट लावते. चांगल्या रूपाला एक डाग द्यायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. यालाच आपण गालबोट म्हणतो. लग्नात भांडण झालं की ‘सोहळ्याला गालबोट लागलं’ असं आपण म्हणतो. पण मूळचं गालबोट नकळत लागत नाही, ते प्रेमानं लावलं जातं. नवजात बाळाला कोरं कापड न घालता आजीच्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घालण्याची रीतही याच जातीची. त्यात दृष्टीची भीती आहे तसा शहाणपणाही आहे, कारण कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचते.

कपड्याला असं गालबोट लावण्याचा लेखी नियम सापडतो तो बौद्ध भिक्षूंच्या विनयात. नवं चीवर मिळालं की ते तसंच अंगावर घ्यायचं नाही. निळसर, चिखलाच्या किंवा काळपट रंगाचा एक ठिपका त्यावर लावून त्याचं कोरेपण आधी मोडायचं. या ठिपक्याला पालीत ‘कप्पबिंदू’ म्हणतात. चीवराची घडणही तशीच. सुरुवातीला भिक्षू उकिरड्यावर आणि स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून त्या जोडत. त्या वस्त्राला पांसुकूल म्हणत. पुढं लोक नवं कापड दान देऊ लागले. मग विनयात असं ठरलं, की कापड धड असलं तरी त्याचे तुकडे कापावेत आणि ते पुन्हा जोडावेत. मगध देशातल्या भातखाचरांचे बांध बुद्धांनी आनंदाला दाखवले आणि तशा आखणीचं चीवर करता येईल का, असं विचारलं, अशी कथा विनयातल्या महावग्गात आहे. कापून जोडलेलं वस्त्र श्रमणाला शोभतं आणि त्यावर कुणाचा डोळा राहत नाही, असं कारणही तिथं दिलेलं आहे. आमच्या भागातल्या विहारांमध्ये भन्ते येतात तेव्हा त्यांच्या चीवरावरच्या त्या आडव्याउभ्या शिवणी मी पाहतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती भातखाचरं आहेत. कापड फाटलं म्हणून त्या शिवणी आलेल्या नाहीत. कापडाची किंमत जाणूनबुजून उतरवली, म्हणून त्या आल्या.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू अंगावर काटा आणणारी आहे. भिक्षूनं स्मशानातली चिंधी आपणहून उचलली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र चांडाळांसाठी आज्ञा आहे, की त्यांची वस्त्रं मेलेल्यांची असावीत. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलं आहे. स्मशान तेच, कापडही तेच. एकाच्या अंगावर ते वैराग्य झालं, दुसऱ्याच्या अंगावर शिक्षा. आणि हे पोथीत राहिलं असं नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात प्रेतावरचं कापड महाराला मिळायचं आणि त्याला वर ‘हक्क’ असं नाव होतं.

म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला जे घडलं, ते कपड्यांच्या इतिहासातही मोलाचं आहे. २५ डिसेंबरला तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. राहणी स्वच्छ ठेवा, लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे ते जाडजूड दागिने टाका, असा त्या बोलण्याचा आशय होता. ज्याच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं जीर्ण वस्त्र लादलं गेलं, त्यानं स्वच्छ, नीटनेटकं वस्त्र ल्यायचं, हे त्या दिवसांत बंड होतं. बाबासाहेबांचा सूट, टाय, चकाकते बूट यांच्याकडे काही जण आजही साहेबी हौस म्हणून बघतात. आमच्या वस्तीतली जुनी माणसं तसं बघत नाहीत. चौदा एप्रिलला इथल्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची माणसं बाहेर पडतात तेव्हा त्या इस्त्रीमागे महाड आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक माणूस हिंडत होता, ज्यानं बरोबर उलटा रस्ता धरला. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, जातीनं परीट. म्हणजे लोकांचे कपडे धुऊन स्वच्छ करून देणाऱ्यांच्या घरातले. तरुणपणी घर सोडलं आणि अंगावर घातलं ते वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर, हातात खराटा आणि गाडगं. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवा म्हणत. शेवटी गाडगे महाराज हे नाव राहिलं. गावात शिरायचं आणि आधी रस्ता झाडायला घ्यायचा. रात्री कीर्तन. पैसे जमले ते धर्मशाळांना, शाळांना, वसतिगृहांना. लाखांच्या इमारती उभ्या केल्या, पण चिंध्या अंगावरून उतरल्या नाहीत. २००० साली राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा नाव त्यांचंच दिलं. ज्याच्या अंगावर सगळी ठिगळं, त्याच्या नावानं स्वच्छता! यात विसंगती वाटली तर त्या चिंध्यांचा अर्थ आपल्याला कळला नाही असं समजावं. ठिगळ असणं आणि मळकं असणं या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून सोडवून दाखवल्या.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, गाडगेबाबा त्यानंतर चौदा दिवसांनी. एक सुटात, एक चिंध्यांत. मला दोघांचे कपडे एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात. माझ्या अंगावर काय असावं हे दुसरा कुणी ठरवणार नाही, हे ते वाक्य.

भरजरी कापड फाडण्याची आपली गोष्टही याच निवडीची आहे. श्रीकृष्णाचं बोट कापलं. सुभद्रेच्या घरात उंची वस्त्रंच इतकी, की बांधायला चिंधी मिळेना. द्रौपदीनं अंगावरचं वस्त्र टर्रकन फाडलं. ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटातल्या गाण्यानं ही कथा मराठी घराघरात पोचवली. युरोपात मात्र भरजरी कापड फाटलं ते लढाईत. १४७६ मध्ये स्विस सैनिकांनी बर्गंडीच्या धाडसी चार्ल्सला ग्रँडसन इथं हरवलं. लुटीत रेशमाचे गठ्ठे सापडले. ते फाडून सैनिकांनी आपल्या विरलेल्या कपड्यांच्या भोकांतून आत भरले आणि तिथून चिरलेल्या बाह्यांची फॅशन निघाली, असं सांगतात. कथा थोडी रंगवलेली असेल, पण सोळाव्या शतकात राजेरजवाडे अंगरख्याला मुद्दाम चिरा पाडून आतलं अस्तर बाहेर काढत, हे त्या काळातल्या चित्रांत दिसतंच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या चित्रांतल्या बाह्या पाहा. शिपायाचं फाटणं राजाच्या अंगावर गेलं की त्याची शोभा होते, ही रीत अशी जुनी आहे.

आता जीन्सकडे येऊ. तिची एक वाट आपल्या मुंबईतून जाते. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मूळचा आपल्या डोंगरीचा, असं शब्दकोश सांगतात. डोंगरी किल्ल्याच्या आसपास विकलं जाणारं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड जहाजांवर चढलं, खलाशांच्या अंगावर गेलं आणि तिकडं कामकऱ्यांच्या पोशाखाचं नाव होऊन बसलं. जीन्सचं कापड वेगळं, पण घराणं तेच : राबणाऱ्यांचं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे कोपऱ्यात उसवतात म्हणून त्यानं तिथं तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्याबरोबर त्याला २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे जीन्सचा जन्मच मुळी ‘फाटू नये’ म्हणून झालेला आहे. तिला फाडायला आपल्याला शंभर वर्षं लागली.

खोट विकता येते हे बाजाराला कसं कळलं, याचा एक नमुना मुंबईच्या उपनगरांशी जोडलेला आहे. कन्नूरचे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी पुढं अंधेरीजवळ सहार इथं पत्नीच्या नावानं ‘लीला’ हॉटेल उभारलं. त्याआधी ते हातमागाच्या कापडाची निर्यात करत. १९५८ मध्ये विल्यम जेकबसन नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून मद्रासी चौकड्याचं कापड घेतलं. वनस्पतींचे रंग कच्चे आहेत, थंड पाण्यात हलक्या हातानं धुवा, असं नायर यांनी बजावलं होतं. ती सूचना अमेरिकेतल्या दुकानापर्यंत पोचलीच नाही. गिऱ्हाइकांनी कपडे यंत्रात टाकले, रंग फुटला, चौकडे एकमेकांत मिसळले. प्रकरण कोर्टकचेरीच्या धमक्यांपर्यंत गेलं. आणि मग त्यातूनच जाहिरात निघाली : हे कापड रंग सोडणार याची हमी! प्रत्येक धुण्यात नवं रूप घेणारं हातमागाचं नवल, अशी त्याची ख्याती झाली आणि विटणारा तोच शर्ट तिथल्या कॉलेजकुमारांनी मागून मागून घेतला. आपल्या घरी ज्या कापडाला ‘रंग जातो’ म्हणून वेगळ्या बादलीत भिजवतात, त्याच कापडाची ही गोष्ट आहे. हाताच्या कामात जी उणीव असते, ती यंत्राच्या एकसारख्या मालाला कंटाळलेल्या माणसाला हवीहवीशी वाटते, हे त्यातून सिद्ध झालं.

पुढचा टप्पा रागाचा. सत्तरच्या दशकात लंडनला व्हिव्हियन वेस्टवूड यांनी फाटके टी-शर्ट आणि सेफ्टी पिना दुकानात मांडल्या. पंक म्हणवणाऱ्या पोरांनी ते सभ्य समाजाला चिडवण्यासाठी घातले. जपानच्या रेई कावाकुबो यांनी १९८१ मध्ये पॅरिसला पाऊल ठेवलं आणि १९८२ मध्ये भोकं पडलेले काळे स्वेटर दाखवले. ती भोकं कसर लागल्यासारखी दिसत. ती पडावीत म्हणून विणण्याच्या यंत्राचे स्क्रू ढिले केले होते. पाश्चात्त्य टीकाकारांनी हिरोशिमाचं नाव घेऊन हिणवलं. कावाकुबो यांचा मुद्दा साधा होता : यंत्र निर्दोष काम करतं, आणि निर्दोष कामात माणूस दिसत नाही. जपानातल्या शेतकऱ्यांची ठिगळांवर ठिगळं दिलेली निळी ‘बोरो’ वस्त्रं आज संग्रहालयांत आहेत. आपल्या गोधडीचं ते सख्खं भावंड. आपल्या आयाबायांनी धावदोऱ्यानं घातलेल्या गोधडीलाही आता दिवाणखान्यात जागा मिळू लागली आहे. ती शिवणारीला मोबदला किती मिळतो, हा प्रश्न मात्र तिथं निघत नाही.

आणि इथं मी मूळ मुद्द्यावर येतो. मुद्दाम फाडलेलं कापड आपोआप फाटत नाही. कुणीतरी ते फाडतं. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो. म्हणून वर्षानुवर्षं वापरल्यावर निळा धागा झिजतो आणि गुडघ्यावर पांढऱ्या धाग्यांची जाळी उरते. ही वर्षांची झीज तासाभरात आणायची तर काय करावं लागतं? ज्वालामुखीचे हलके दगड टाकून यंत्रात धुवायचं. मांडीवर काच-कागदानं घासायचं. पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारायचा. पात्यानं चिरायचं. किंवा दाबाच्या हवेनं वाळूचा मारा करायचा. तुर्कस्तानात हा वाळूचा मारा करणाऱ्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ बसली, त्यांना सिलिकोसिस झाला, काही जण दगावले. २००९ मध्ये त्या देशानं डेनिमवर वाळू मारण्यास बंदी घातली. आपल्याकडे उल्हासनगर जीन्सचं गाव म्हणून नावारूपाला आलं आणि तिथल्या धुलाई कारखान्यांचं निळं पाणी वालधुनी नदीत गेलं. प्रकरण न्यायालयात पोचलं आणि अनेक कारखान्यांना टाळं लागलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावरचं दहा वर्षांचं राबणं एका दिवसात नकली तयार करायचं, तर ते राबणं कुणाच्या तरी छातीवर आणि कुठल्या तरी नदीवर पडतंच.

आमच्या मानखुर्द-गोवंडीच्या गल्ल्यांत बायका घरी बसून धागाकटिंगचं काम करतात. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायचे, मोबदला नगावर. कात्री जराशी घसरली आणि कापडाला भोक पडलं तर तो ‘डॅमेज पीस’. त्याचे पैसे कापले जातात. तेवढंच भोक कागदावर आखून आलं असेल तर ते डिझाइन. दोन्ही भोकं एकाच आकाराची असतील, एकाच कात्रीची असतील. फरक एवढाच, की एक भोक पाडण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता तो कपड्यावर आपलं नाव लावतो, आणि दुसरं जिच्या हातून पडलं तिच्या त्या आठवड्याच्या पैशांतून ते वजा होतं. फाटक्या जीन्सच्या किमतीचं कोडं मला या गल्लीत उलगडलं.

अधूनमधून या जीन्सवरून गदारोळ होतो. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी फाटकी जीन्स घालणाऱ्या स्त्रीच्या संस्कारांवर बोट ठेवलं आणि देशभर वाद झाला. २०२४ मध्ये आमच्या शेजारी, चेंबूरच्या एका महाविद्यालयानं फाटक्या जीन्स आणि टी-शर्ट यांना मनाई करणारी सूचना लावली. त्या वादाला आणखीही बाजू होत्या, त्यात मी शिरत नाही. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जीन्सला भोक असल्यानं संस्कृती बुडते की नाही यावर आपण इतकं बोलतो, पण ते भोक कुणी पाडलं, किती पैशांत पाडलं, पाडताना त्याच्या नाकातोंडात काय गेलं, यावर अवाक्षर काढत नाही.

तरुण मुलामुलींनी फाटकं घालू नये, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या पणज्यांना दुसऱ्याचं जीर्ण वस्त्र नाकारता येत नव्हतं, त्यांच्या पणतवंडांना आज दुकानात उभं राहून ‘हे हवं, हे नको’ म्हणता येतं. ही साधी गोष्ट नाही. एखाद्या मुलीनं आपल्या पहिल्या पगारातून फाटकी जीन्स घेतली, तर तिच्या आजीला ती बघवणार नाही. आजीचं चूक नाही, कारण तिनं ठिगळं लाजेनं लपवली आहेत. मुलीचंही चूक नाही, कारण तिला लपवण्यासारखं काही वाटत नाही. दोघींनी एकदा एकमेकींना आपापल्या फाटक्याची गोष्ट सांगावी, एवढंच. आणि ती जीन्स घालताना मुलीनं गुडघ्यावरच्या त्या पांढऱ्या धाग्यांवरून एकदा हात फिरवावा. ते कापताना पांढरा धागा तुटू नये म्हणून कुणीतरी डोळे ताणून, जपून पातं चालवलेलं असतं.